हसलात तिथे परत जा : ब्लॅक कॉमेडी रहस्यावर थिअरी कशी बांधावी

मालिका संपते, श्रेयनामावली वर सरकायला लागते आणि डोक्यात एकच गोष्ट अडकून बसते : ते कपाट. तिसऱ्या भागात कुणीतरी ते घाईघाईने लावून घेतलं होतं आणि नंतर त्याचा विषयच निघाला नाही. खुनी सापडला, खून कसा झाला तेही कळलं. पण कपाटाचं काय? ज्यांना ही रुखरुख लागते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सरळसोट रहस्यकथेवर थिअरी बांधणं, म्हणजे कथेने न सांगितलेल्याचं उत्तर तिच्यातल्याच खुणांवरून काढणं, तुलनेने सोपं. तिथे रक्ताचा डाग म्हणजे रक्ताचा डाग. ब्लॅक कॉमेडीत, म्हणजे मृत्यूसारख्या भीषण गोष्टींवर हसवणाऱ्या प्रकारात, पंचाईत अशी की प्रेतसुद्धा विनोदात सामील असतं. ते जिन्यावरून घरंगळत खाली आलं, तर तो पुरावा धरायचा की गंमत? माझं उत्तर : आधी पुरावा धरा. क्लू लपवायला विनोदाइतकी सुरक्षित जागा लेखकाला दुसरी मिळत नाही, कारण हसणारा माणूस मोजदाद करत नाही.

एक सूचना आधीच देतो. पुढे ‘अंधाधुन’चा शेवट फोडलेला आहे. पाहिला नसेल तर आधी बघून या.

पायरी 1 : पहिल्यांदा नुसतं बघा

वही घेऊन बसू नका. पहिल्यांदा बघताना थांबवून थांबवून फ्रेम तपासणाऱ्याला कथा कळत नाही, फक्त फ्रेम कळतात. संपल्यावर मात्र लगेच, दुसऱ्या कुणाचं काही वाचायच्या आत, दहा मिनिटं काढून दोन याद्या करा. एकीत, कुठे मोठ्याने हसलात ते. दुसरीत, कुठे मनात पाल चुकचुकली ते. कारणं लिहायची नाहीत. ‘आत्याबाईंनी चहा सांडला, हसू आलं’ एवढं पुरे. या याद्या कच्च्या असतात म्हणूनच कामाच्या असतात. दुसऱ्यांच्या थिअऱ्या वाचल्यावर आपली पाल कोणती आणि उसनी कोणती हे सांगता येत नाही.

पायरी 2 : सुटलेले धागे वेगळे करा

नवखे इथेच घसरतात. प्रत्येक सुटलेला धागा म्हणजे रहस्य, असं धरून ते साप समजून भुई धोपटत बसतात. धागा सुटतो तो निरनिराळ्या कारणांनी.

पहिलं कारण म्हणजे निव्वळ विसरभोळेपणा. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डॉ. वॉटसन. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत वॉटसनला युद्धात खांद्याला गोळी लागलेली आहे, दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला आहे. एका कथेत तर त्याची बायको त्याला ‘जेम्स’ म्हणते, आणि त्याचं नाव आहे जॉन एच. वॉटसन. होम्सचा लेखक कॉनन डॉइल विसरला, यापलीकडे त्यात काही नसावं. पण डोरोथी सेयर्स या लेखिकेने काय केलं बघा. ‘एच.’ म्हणजे हॅमिश, असं तिने सुचवलं. हॅमिश हे जेम्स या नावाचं स्कॉटिश रूप, तेव्हा बायको त्याला लाडाने मधल्या नावाने हाक मारते, झालं! लेखकाची चूक, त्याच्याच मजकुरातलं एक अक्षर घेऊन, कथेला धक्का न लावता बुजवली. इतकी देखणी थिअरी मी दुसरी वाचलेली नाही. ती खरी नाही हे सेयर्सलाही माहीत होतं, आणि थिअऱ्यांच्या या खेळात तेही चालतं. फक्त आपण चूक बुजवतोय की गुपित उघड करतोय, हे स्वतःशी स्पष्ट असायला हवं.

दुसरं, लेखकालाच उत्तर माहीत नसतं. ‘द बिग स्लीप’ हा 1946 सालचा चित्रपट करताना एका ड्रायव्हरचा खून कुणी केला हे चित्रपटवाल्यांना कळेना. त्यांनी मूळ कादंबरीचा लेखक रेमंड चँडलर याला तार करून विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं! चित्रपट तरीही उत्तमच झाला. म्हणून कपाटावर तीन आठवडे घालवण्याआधी ही शक्यता मनाच्या कोपऱ्यात ठेवा.

तिसरं, वस्तूचं काम पळवण्यापुरतंच असतं. सगळे एका ब्रीफकेसमागे धावतात, आत काय आहे याला महत्त्व नाही. दिग्दर्शक हिचकॉक अशा वस्तूला ‘मॅकगफिन’ म्हणायचा. ब्रीफकेसमध्ये काय होतं यावर कितीही थिअऱ्या मांडा, कथा तसूभर हलत नाही. ही खूण लक्षात ठेवा : उत्तर मिळाल्याने कुठल्याच पात्राकडे बघण्याची आपली नजर बदलणार नसेल, तर तो धागा सोडून द्या.

मुद्दाम सोडलेले धागे उरतात ते वेगळेच. काही पुढच्या सीझनसाठी राखून ठेवलेले, काही प्रेक्षकांनी भांडावं म्हणून. ते ओळखायचे कसे? कॅमेरा तिथे गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. किंवा ती गोष्ट दोनदा येते, आणि दुसऱ्यांदा तिचं कथेत काहीच काम नसतं. रशियन नाटककार चेखॉव्हने 1889 सालच्या एका पत्रात लिहिलं होतं की कुणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. ब्लॅक कॉमेडीवाले हा नियम पाठ करून बसलेले असतात आणि मग त्याच्याशी खेळतात : बंदूक झाडलीच जात नाही, आणि माणूस मरतो तो ती टांगलेला खिळा उपटून डोक्यात पडल्यामुळे.

पायरी 3 : हसलात तिथे परत जा

आता दुसऱ्यांदा बघा. या वेळी वही घ्या आणि हसण्याची यादी समोर ठेवा. प्रत्येक विनोदाला एक प्रश्न विचारायचा : हा विनोद काढून टाकला तर पुढे काही अडतं का? नसेल अडत, तर तो फक्त विनोद. अडत असेल, तर तिथे काहीतरी मुरतंय.

एक काल्पनिक नमुना घेऊ. मयताच्या घरी जमलेल्या मंडळींत एक काका सारखे चष्मा शोधतायत. तो त्यांच्या डोक्यावरच आहे. हशा पिकतो. दोन भागांनंतर काका शपथेवर सांगतात की खुन्याला त्यांनी खिडकीतून पाहिलं. तेव्हा चष्मा कुठे होता? काखेत कळसा असलेल्या या गृहस्थाच्या साक्षीवर अख्खा तपास उभा आहे, आणि ही साक्ष फुसकी आहे हे लेखकाने आपल्याला हसवत हसवत केव्हाच सांगून टाकलंय.

दर वेळी इतकं सोपं नसतं. काही विनोद नुसते पुन्हापुन्हा येतात : कुणीतरी सारखं एकाच माणसाचं नाव चुकीचं घेतं, एक दार कधीच नीट लागत नाही. तिसऱ्यांदा आलेला विनोद तपासायचा तो त्यात काय बदललं यासाठी. नाव चुकवणारा माणूस एकदाच, घाबरलेला असताना, नाव बरोबर घेतो का? घेतलं तर त्याला ते पहिल्यापासून येत होतं.

इथे एक इशारा. नॉक्स नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात एक असा की तपास करणाऱ्याला योगायोगाने मदत होता कामा नये. ब्लॅक कॉमेडी हा नियम धाब्यावर बसवते. इथे योगायोग हाच मुळी विनोदाचा कच्चा माल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर साध्या रहस्यकथेत कावळ्याची चौकशी करावी. इथे बऱ्याचदा फांदी खरंच कुजकी असते. मी एकदा एका मालिकेतल्या तीन अपघातांमागे एकच हात आहे हे सिद्ध करायला नकाशा काढून बसलो होतो. शेवटच्या भागात कळलं, तिन्ही ठिकाणी कुत्रा होता.

पायरी 4 : गोष्ट कोण सांगतंय?

सगळी थिअरी इथे ठरते, म्हणून या पायरीवर जरा वेळ काढा. पडद्यावर दिसलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी खात्यावर असते. कॅमेऱ्याने स्वतः दाखवलेलं वेगळं, एखाद्या पात्राने सांगितलं म्हणून आपल्याला दिसलेलं वेगळं. चित्रपटाच्या सुरुवातीला झळकणाऱ्या पाटीवरही विश्वास ठेवायचा नाही. ‘फार्गो’ (1996) ही सत्यकथा असल्याचं सुरुवातीला ठणकावून सांगतो आणि शेवटच्या श्रेयनामावलीत पात्रं काल्पनिक असल्याची नेहमीची तळटीप देतो.

सरावासाठी श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (2018) घ्या. पुण्यातला पियानोवादक आकाश आंधळा असल्याचं सोंग करतो. एका जुन्या नटाच्या घरी वाजवायला जातो, तर तिथे त्याच नटाचं प्रेत. त्याला ते दिसतं, पण दिसलं असं दाखवता येत नाही, म्हणून तो वाजवत राहतो आणि मागे आवराआवर चालू राहते. पुढे नटाची बायको सिमी त्याला खरोखरच आंधळा करते. शेवटी, दोन वर्षांनी, परदेशात पुन्हा भेटलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला, आकाश बाकीचं सांगतो. डॉक्टर स्वामीचा बेत सिमीचे अवयव विकायचा आणि तिच्या डोळ्यांनी आकाशला दृष्टी द्यायचा होता, पण सिमी सुटली. ती आकाशच्या अंगावर गाडी घालायला आली, तेवढ्यात एका शिकाऱ्याच्या गोळीच्या धांदलीत एक ससा उडून काचेवर आदळला आणि गाडी उलटली. सोफीचा निरोप घेऊन तो चालू लागतो, वाटेत एक रिकामा कॅन असतो आणि आकाश काठीने तो नेमका टोलवतो.

म्हणजे याला दिसतं. पण मग सोफीला सांगितलेल्यातलं खरं किती?

प्रेक्षकांची लाडकी थिअरी अशी : सिमी सुटलीच नाही, तिचे डोळे आकाशला बसले आणि सशाची गोष्ट त्याने रचली. हिचा पाया भक्कम आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या आंधळ्या माणसाला ससा, शिकारी, गाडीची काच हे दिसलं कसं? ते सगळं आकाशच्या खात्यावर आहे, कॅमेऱ्याच्या नाही.

आता ही थिअरी मोडायचा प्रयत्न करा. ससा आणि शिकारी चित्रपटाच्या अगदी सुरुवातीलाच दिसतात, आकाशच्या आधी, कुणीही काही सांगायच्या आधी. मग ससा कॅमेऱ्याच्या खात्यावर गेला ना? त्यावर लाडक्या थिअरीवाले म्हणतील की सुरुवातीला फक्त पाठलाग आहे, तो सिमीच्या गाडीपर्यंत पोहोचला हे आकाशच सांगतो. वादाला तोंड फुटलं. आणि काठी? आकाशच्या हातातल्या काठीची मूठ सशाच्या डोक्याची आहे. एक म्हणतो, मूठ बघून त्याला गोष्ट सुचली. दुसरा म्हणतो, सशाने जीव वाचवला म्हणून त्याने तशी काठी घेतली. दोन्हीकडे सारखाच बसणारा पुरावा कितीही देखणा असला तरी वजनात शून्य. काठी बाजूला ठेवा.

कुणीतरी डॉक्टर मित्र इथे हमखास म्हणतो की डोळा बसवतात म्हणजे फक्त कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग; नजर गेल्याचं कारण डोळ्यामागच्या पडद्यात किंवा नसेत असेल तर त्याने काही होत नाही. खरं आहे. पण आपण कथेतलं विज्ञान तपासतोय, बाहेरचं नाही. सिमीच्या डोळ्यांनी आकाशला दिसेल असं कथेत मानलेलं असेल, तर थिअरीपुरतं ते मानायचं.

माझं स्वतःचं मत कॅनपाशी अडलं आहे. तो कॅन आकाश सोफी बघत असताना उडवत नाही. त्या क्षणी तो कुणासाठी सोंग करत नाहीये, म्हणून त्या एका फटक्याला मी त्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त किंमत देतो. आणि इथूनच पुढची पायरी निघते.

पायरी 5 : पात्र एकटं असताना काय करतं?

पात्रांवरच्या थिअऱ्यांत सर्वाधिक खपणारा माल म्हणजे ‘तो बावळट दिसतो ना, तोच सूत्रधार’. मोहक आहे, आणि बहुतेक वेळा चूक. ब्लॅक कॉमेडीत बावळट माणसं खरोखर बावळट असतात. माणसाची हाव त्याच्या कुवतीहून मोठी असणं, यावरच तर हा प्रकार चालतो. हेतूही बारके असतात : इस्टेट नव्हे, इस्टेटीतलं घड्याळ. तेव्हा ‘याला एवढ्यासाठी खून करायची गरज काय’ हा बचाव इथे चालत नाही.

बावळटपणा सोंग आहे की खरा, हे तपासायला एकच चाचणी मला भरवशाची वाटते. ते पात्र फ्रेममध्ये पूर्ण एकटं असलेले सीन वेगळे काढा. चारचौघांत धांदरट असलेली बाई एकटी असताना कुलूप शांतपणे, न चुकता उघडते का? मी नाही त्यातली अन् कडी लाव आतली, असा प्रकार सापडला तर थिअरीला जीव आहे. एकटी असतानाही ती किल्ली पाडते, स्वतःवरच चिडते, मग दार ढकलून बघते तर ते उघडंच? मग ती सूत्रधार नाही. तिला सोडा. आणि एखाद्या पात्राला संपूर्ण मालिकेत एकदाही एकटं दाखवलंच नसेल, तर तो त्या पात्राबद्दलचा सगळ्यात मोठा क्लू.

जुळ्या भावाच्या थिअऱ्या मी वाचायचं बंद केलं आहे. नॉक्सच्या नियमांत तेही आहे : वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळे आणू नयेत.

पायरी 6 : कुणाला काय, कधी माहीत

कागदाचा एकच तक्ता करा. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत घटना क्रमाने, फ्लॅशबॅक मूळ जागी नेऊन बसवलेले. चौकटीत फक्त एवढंच लिहायचं : या क्षणी याला ही गोष्ट माहीत आहे का? कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या थिअऱ्या इथे आपोआप गळतात आणि मधूनच एखादं पात्र असं काही बोलून जातं जे त्याला कळायला अजून दोन दिवस अवकाश होता. असं वाक्य सापडलं की ते मूळ भाषेत ऐका. सबटायटल लिहिणाऱ्याने ‘तो’चं ‘ती’ केलेलं असू शकतं.

पायरी 7 : कथेबाहेरचे क्लू, मिठासारखे

नावाजलेला नट तीन मिनिटांच्या भूमिकेत असेल तर तो परत येणार, हे सगळ्यांना कळतं. याहून मजेशीर गोष्ट ‘नाइव्हज आउट’ या रहस्यपटाचा दिग्दर्शक रायन जॉन्सन याने 2020 मध्ये सांगितली : ॲपल चित्रपटात आयफोन वापरू देतं, पण खलपात्राच्या हातात तो कॅमेऱ्यासमोर चालत नाही. तेव्हापासून लोक संशयितांचे फोन तपासत बसतात. करायचं तर करा, पण थिअरी त्यावर उभी करू नका. कपडेपटातली गडबड, अर्धा भरलेला पेला पुढच्या शॉटमध्ये पूर्ण भरलेला दिसणं, हेही याच खात्यात जातं. एकदा एका पात्राचं डावखुरेपण मी मोठ्या अभिमानाने सिद्ध केलं होतं. तो आरशातला शॉट होता.

पायरी 8 : थिअरी लिहा, आणि ती कशाने मरेल तेही लिहा

थिअरी एका वाक्यात बसली पाहिजे. ‘सिमी सुटली नाही’ ही थिअरी. ‘सिमीबद्दल काहीतरी गडबड आहे’ ही पाल. वाक्याखाली पुरावे लिहा, प्रत्येकासमोर तो कुणाच्या खात्यावरचा ते लिहा. एकच पुरावा चार वेगवेगळ्या शब्दांत लिहिलाय का, तेही बघा. मी हे नेहमी करतो.

मग कठीण भाग. याच पुराव्यांवर दुसऱ्या कुणाला खुनी ठरवून दाखवा. हा व्यायाम हवेतला नाही. ‘क्लू’ नावाची 1985 सालची एक ब्लॅक कॉमेडी तीन वेगवेगळ्या शेवटांसह प्रदर्शित झाली होती. एका थिएटरात एक शेवट, दुसऱ्यात दुसरा. आधीचा जवळजवळ सगळा चित्रपट सारखाच, आणि तीन वेगळी उत्तरं! एकाच क्लूमध्ये इतकी ऐसपैस जागा असते. तुमच्या पुराव्यांवर दुसरा खुनी तितक्याच ऐटीत बसत असेल, तर तुमच्याकडे थिअरी नाही, फक्त आवडता संशयित आहे.

शेवटची ओळ लिहायची ती अशी : ‘अमुक दिसलं तर मी चुकलो.’ मालिका चालू असेल तर पुढच्या भागात काय दिसायला हवं तेही तारीख घालून लिहून ठेवा. ही ओळ ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या थिअरीत सहसा बादरायण संबंध असतो : खुन्याच्या पडद्यांचा रंग आणि मयताच्या मोज्यांचा रंग एक, म्हणून दोघं भाऊ.

पायरी 9 : सांगताना

समोरच्याने कुठपर्यंत बघितलंय ते आधी विचारा. ‘स्पॉयलर नाही, पण शेवट बघून चकित होशील’ हाही स्पॉयलरच. दुसऱ्याची थिअरी मोडायची असेल तर त्याने दिलेल्या सीनमध्ये मोडा, नवा सीन काढून नको. आणि दिग्दर्शकाने मुलाखतीत ‘माझ्या मनात असं काही नव्हतं’ म्हटलं, तर लगेच शस्त्रं खाली ठेवायची गरज नाही. चँडलरच्या मनात तर ड्रायव्हरचा खुनीसुद्धा नव्हता.

चुकलेल्या थिअऱ्या फाडू नका. माझ्याकडे त्यांची एक वेगळी वही आहे. तिच्या पहिल्याच पानावर कुत्र्याच्या मालिकेचा नकाशा आहे, आणि आता बघताना लक्षात येतं की तिन्ही अपघातांच्या जागी मी स्वतःच, कंसात, ‘कुत्रा भुंकतो, हसू आलं’ असं लिहून ठेवलेलं होतं.